मेमरी कोणी धरून ठेवली आहे?

घरातला संगणक मंद झाला की हल्ली तक्रार आकड्यासकट येते. ‘काहीच चालू नाही, तरी रॅम सत्तर टक्के दाखवतंय.’ टास्क मॅनेजर उघडून पाहणारे लोक वाढले ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या आकड्यावर मिळणारे सल्ले जुनेच आहेत : रॅम टाकून घ्या, क्रोम काढा, एखादा क्लीनर बसवा, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या संगणकाला लागू पडतो. अडचण एवढीच, की मेमरी कोणी धरली आहे हे पाहण्याआधीच तो दिलेला असतो. फॉरमॅटपायी घरातले फोटो जातात, दुकानदाराला पैसे जातात, आणि दोष एखाद्या ड्रायव्हरचा असेल तर तो पुन्हा बसला की आकडा होता तिथे येतो. हे टाळण्यासारखं आहे. विंडोजमध्ये त्याचा शोध घेण्याची बहुतेक साधनं आधीपासून असतात आणि उरलेली फुकट मिळतात.

विंडोजमधला हा टक्का नेमकं काय मोजतो ते आधी पाहू, कारण त्याबद्दलचं सगळ्यांत लाडकं उत्तर अर्धंच खरं आहे. ‘रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, विंडोज उरलेल्या जागेत पुढे लागणाऱ्या फायली आणून ठेवतं, म्हणून आकडा मोठा दिसतो,’ असं सांगितलं जातं. विंडोज फायली आणून ठेवतं हे खरं आहे. 2007 साली व्हिस्टाबरोबर घराघरांत आलेली सुपरफेच ही सेवा तेच काम करायची, आणि आज ती सिसमेन या नावाने चालते. पण या फायली ज्या जागेत असतात तिला टास्क मॅनेजर ‘कॅश्ड’ म्हणतो. ती जागा मागताक्षणी मोकळी करता येते, म्हणून तिचा जवळपास सगळा भाग टक्क्यात धरलाच जात नाही. त्यामुळे विंडोजवर सत्तर टक्के दिसत असतील तर ते कॅशच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. ती मेमरी कोणीतरी खरोखर वापरतं आहे.

हे उत्तर बहुधा लिनक्सवरून आलं असावं. तिथे ‘फ्री’ या आज्ञेच्या जुन्या आवृत्त्या कॅशसुद्धा वापरलेल्या मेमरीत मोजायच्या, आणि नवे लोक घाबरायचे. 2014 मध्ये कर्नलने ‘खरोखर किती मिळू शकेल’ हा आकडा वेगळा द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तो गोंधळ बराच कमी झाला. ॲपलने 2013 च्या मॅव्हरिक्समध्ये आणखी सरळ मार्ग घेतला. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरीवरच्या दाबाचा आलेखच दिला : हिरवा, पिवळा, लाल. घरच्या माणसाला टक्क्यापेक्षा हा आलेख कितीतरी उपयोगी आहे. विंडोजमध्ये तो अजून नाही याची मला खंत वाटते, कारण सगळ्यात जास्त घाबरलेले लोक तिथेच भेटतात.

एक गोष्ट मात्र घाबरणाऱ्यांना सांगायलाच हवी. विंडोज 11 ची किमान अट 4 जीबी रॅमची आहे. 8 जीबीच्या लॅपटॉपवर तो सुरू होऊन स्थिरावला की आकडा निम्म्याच्या आसपास असणं नेहमीचंच आहे. त्यातच लॅपटॉपचा ग्राफिक्स भाग त्याच रॅममधून आपला हिस्सा आधीच काढून घेतो. तोच विंडोज 16 जीबीच्या यंत्रावर आणखी जास्त जीबी घेताना दिसेल, कारण जागा असताना प्रोग्रॅमच्या वाट्याची पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, काढून घेण्याची त्याला घाई नसते. शेजाऱ्याच्या संगणकावर पस्तीस टक्के आणि आपल्यावर पंचावन्न, या तुलनेतून फारसं काही कळत नाही.

कळतं ते मेमरीवरच्या ताणातून. थोडी मेमरी मोठी भासवण्याची युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किल्बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या ॲटलस संगणकात ती 1962 साली वापरात आली : छोटी वेगवान मेमरी आणि मोठं संथ ड्रम मिळून प्रोग्रॅमला एकच सलग जागा दिसायची. त्या युक्तीचा धोका 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी नीट मांडला. एका वेळी लागणारी पानं मेमरीत मावेनाशी झाली की यंत्राचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो आणि खरं काम थांबतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. ओटा एवढासा, म्हणून चिमूटभर हळदीसाठी माळ्यावरचा डबा काढायचा, आणि मिठासाठी तो परत वर ठेवून दुसरा काढायचा, असा तो प्रकार असतो. आजच्या घरच्या संगणकावरचं ‘हँग होणं’ पुष्कळदा हेच असतं.

हा ताण ओळखायचा कसा? जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या यंत्रावर डिस्क शंभर टक्क्यांना चिकटते आणि माउसचा बाणही अडखळतो. एसएसडी असेल तर तेच दुखणं झाकलं जातं. फक्त एका खिडकीतून दुसरीत जाताना क्षणभर पांढरा पडदा दिसतो. रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’चा, म्हणजे डिस्कवरून पानं आणाव्या लागण्याचा, आलेख आहे. एखादा प्रोग्रॅम उघडताना तो उसळणारच. काहीही न उघडता तो मिनिटामागून मिनिट उंच राहत असेल तर ताण खरा. दुसरी खूण टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, ‘कमिटेड’ या शब्दाखाली असते. तिथे तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे प्रोग्रॅमना देऊ केलेली एकूण मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (डिस्कवर मेमरीसाठी राखलेली फाइल) मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकायला आला की ‘मेमरी कमी आहे’ अशी सूचना येते आणि प्रोग्रॅम बंद पडू लागतात. रॅमचा टक्का सत्तरवर असतानाही असं घडू शकतं, आणि मग लोक चक्रावतात. यंत्र हलकं चालत असेल, हार्ड फॉल्ट थंड असतील आणि कमिटेडमध्ये भरपूर अंतर असेल, तर सत्तर टक्क्यांचं काहीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ताण आहे असं ठरलं की हिशेब मांडायचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसेसच्या पानावर मेमरीच्या शीर्षकावर टिचकी द्या. सगळ्यात जास्त खाणारे वर येतात. घरच्या संगणकावर यानंतर लगेच ‘युजर्स’ हे पान पाहावं, कारण तिथे सापडणारं कारण फार घरगुती आहे. मुलीने अभ्यास संपवून ‘साइन आउट’ न करता नुसतं ‘स्विच युजर’ केलं, मग वडिलांनी आपलं खातं उघडलं. मुलीचा ब्राउझर, तिचे टॅब, तिचा व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम सगळं मागे जिवंतच आहे. वडिलांना पडद्यावर यातलं काही दिसत नाही, आणि म्हणून त्यांची तक्रार असते, ‘काहीच चालू नाही.’ दोन खाती असलेल्या 8 जीबीच्या यंत्रावर एवढ्या एका सवयीने निम्मा प्रश्न मिटतो.

यादीत सगळ्यात वर बहुतेक वेळा ब्राउझर असतो, आणि त्याला सगळ्यात जास्त शिव्या बसतात. ब्राउझरची बाजूही समजून घ्यायला हवी. 2008 साली क्रोम आला तो वेगवेगळ्या टॅबची कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटण्याची रचना घेऊन, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची वाचावीत. 2018 च्या सुरुवातीला स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. एका संकेतस्थळाने शेजारच्या संकेतस्थळाची गुपितं वाचण्याची वाट त्यातून उघडत होती. त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या प्रोसेसमध्ये कोंडलं. त्यासाठी मेमरी साधारण 10 ते 13 टक्के जास्त लागेल, हे गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. बँकेचं पान आणि फुकट सिनेमाचं पान एकाच ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या घरांसाठी हा सौदा योग्यच आहे. मेमरी वाचवण्यासाठी ही तटबंदी पाडण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर त्या करू नयेत.

करण्यासारखं दुसरं बरंच आहे. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. विंडोजवर शिफ्ट आणि एस्केप दाबल्यावर तो उघडतो, आणि त्यात टॅबागणिक, एक्स्टेन्शनगणिक हिशेब मिळतो. तिथे पाहिलं की कळतं, पंधरापैकी तेरा टॅब बिचारे गप्प आहेत आणि एखादं वृत्तस्थळ किंवा सतत ताजं होणारं शेअर बाजाराचं पान एकटंच मोठा घास घेतंय. कधी दोषी निघतं ते कोणे एके काळी कूपनसाठी घेतलेलं एक्स्टेन्शन. फायरफॉक्समध्येही प्रोसेसचा हिशेब दाखवणारं पान असतं. न वापरलेले टॅब झोपवण्याची सोय एजमध्ये 2021 पासून आहे आणि क्रोममध्ये 2022 च्या अखेरीस आली. ती चालू आहे ना एवढं पाहावं. ब्राउझर बंद करूनही त्याची नावं यादीत राहत असतील, तर ‘बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवा’ ही क्रोमची सेटिंग आणि लवकर सुरू होण्यासाठीचा एजचा ‘स्टार्टअप बूस्ट’, हे दोन्ही काढून टाकता येतात.

ब्राउझरची भावंडंही मोजायला हवीत. गप्पांची, सभांची, नोंदींची कितीतरी ॲप आज दिसायला वेगळी असली तरी आतून क्रोमचंच इंजिन वापरतात. त्यातली काही ते आपापल्या पोटात घेऊनच येतात, काही विंडोजमधलं वेबव्ह्यू नावाचं सामाईक इंजिन चालवतात. यंत्र सुरू होताना अशी तीन-चार आपोआप उठली की क्रोम न उघडताही क्रोमएवढी मेमरी गेलेली असते. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर ती बंद करणं हा या सगळ्या विषयातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. ॲप काढावं लागत नाही, फक्त ते आपण बोलावल्यावर येतं. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव पाहून मात्र बिचकू नये. तो विंडोजचाच पहारेकरी आहे आणि त्याने दोन-तीनशे एमबी घेणं रोजचंच. लॅपटॉपबरोबर चाचणीसाठी आलेला एक अँटिव्हायरस आणि दुकानदाराने बसवलेला दुसरा, असे दोन एकत्र असतील तर एक काढावा.

आता अवघड भाग. कधी कधी यादीतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज केली तरी हिशेब लागत नाही. वापर 7 जीबी दिसतो, यादीत सगळं मिळून 3 जीबीसुद्धा भरत नाही. व्हायरस लपून बसला आहे, असं निदान इथे हमखास होतं आणि फॉरमॅटचा हुकूम सुटतो. खरं तर हा सगळ्यात छान सुटणारा प्रकार आहे, फक्त जागा माहीत हवी. परफॉर्मन्सच्या पानावर खाली ‘नॉन-पेज्ड पूल’ असा आकडा असतो. कर्नल आणि ड्रायव्हर यांनी घेतलेली ही मेमरी डिस्कवर हलवता येत नाही. निरोगी घरगुती यंत्रावर ती काही शे एमबीच्या आत असते. ती जीबींमध्ये गेली असेल आणि तासातासाला चढत असेल, तर एखादा ड्रायव्हर मेमरी मागतोय आणि परत देत नाही. नेटवर्क कार्डाबरोबर येणारे वेग वाढवण्याचे प्रोग्रॅम, वाय-फायचे जुने ड्रायव्हर आणि इंटरनेट वापर मोजणारा विंडोजचा एनडीयू हा ड्रायव्हर, ही यातली वारंवार भेटणारी नावं. मोठी फाइल डाउनलोड करताना आकडा भराभर चढत असेल तर संशय नेटवर्ककडेच जातो.

नक्की करण्यासाठी पूलमॉन नावाचं मायक्रोसॉफ्टचं छोटं साधन आहे. काळ्या खिडकीत ते ओळींमागून ओळी दाखवतं. ‘बी’ दाबलं की सगळ्यात मोठी ओळ वर येते, ‘पी’ दाबलं की पेज्ड आणि नॉन-पेज्ड यांत अदलाबदल होते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार अक्षरांची खूण असते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आपल्या मागणीवर मारलेला तो शिक्काच. पुढच्या स्तंभांत किती वेळा मेमरी घेतली आणि किती वेळा परत दिली हे आकडे असतात. निरोगी ओळीत दोन्ही आकडे जवळजवळ चालतात. गळक्या ओळीत घेतलेलं लाखांत धावतं आणि परत दिलेलं मागेच राहतं, आणि हे अंतर डोळ्यांदेखत वाढतं. मग ती चार अक्षरं ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या कुठल्या फायलीत सापडतात हे शोधायचं. फायलीचं नाव मिळालं की कंपनी कळते, आणि त्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घालणं किंवा तो जोडप्रोग्रॅम काढणं एवढंच उरतं. संध्याकाळभराचं काम आहे, पण त्यात फोटो जात नाहीत आणि पैसेही जात नाहीत.

‘मी तर रोज रात्री शटडाउन करतो, मग गळती साठते कशी?’ हा प्रश्न रास्त आहे. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. ड्रायव्हरने धरलेली मेमरीही त्यांच्याबरोबर परत येते. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच कर्नल नव्याने सुरू होतो. आपल्याकडे घरचं यंत्र वापरून झालं की बटण बंद करायची शिस्त आहे, त्यामुळे रीस्टार्ट महिनोन्महिने होतच नाही. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या पानावर ‘अपटाइम’ पाहा. रोज बंद होणारं यंत्र तिथे कितीतरी दिवस सलग चालू असल्याचं सांगेल.

हिशेबाबाहेरची आणखी दोन ठिकाणं आहेत. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांनी विंडोजमध्ये लिनक्स बसवलेलं असतं. ते ‘व्हीएममेम’ या नावाने यंत्रातली निम्मी रॅम घेण्यापर्यंत जाऊ शकतं. सेटिंगच्या फायलीत त्याला मर्यादा घालता येते. दुसरं ठिकाण ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’, म्हणजे विंडोजच्या हाती न येणारी रॅम. 32 बिटी विंडोजला पत्त्यांची मर्यादाच 4 जीबीची, म्हणून जुन्या यंत्रात 4 जीबी बसवूनही तीन-साडेतीनच हाती लागते. 64 बिटी यंत्रावरही हा आकडा अवाच्या सवा असेल, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनात कोणीतरी ‘मॅक्सिमम मेमरी’ला खूण करून ठेवली आहे का ते पाहावं. वेग वाढवण्याच्या नावाखाली ही खूण करायला सांगणारे लोक आहेत, आणि तिने मेमरी कमीच होऊ शकते. तीही नसेल तर रॅमची पट्टी काढून, स्वच्छ करून नीट बसवावी.

क्लीनरबद्दल माझं मत कडक आहे. 1995 मध्ये अमेरिकेत सिंक्रोनिस या कंपनीने सॉफ्टरॅम 95 हा प्रोग्रॅम विकला. तो कॉम्प्रेशनने, म्हणजे मेमरीतली माहिती दाबून बसवून, रॅम दुप्पट करतो असा दावा होता. तपासणाऱ्यांनी तो उघडून पाहिला तेव्हा ज्या कॉम्प्रेशनचा गाजावाजा होता ते त्यात होतच नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली. आजचे क्लीनर इतके पोकळ नसतात. ते विंडोजला सांगून प्रत्येक प्रोग्रॅमची पानं सक्तीने बाहेर काढतात, आकडा झर्रकन खाली येतो, आणि पुढच्या क्षणी प्रोग्रॅमना तीच पानं पुन्हा आत आणावी लागतात. शिवाय कॉम्प्रेशनचं खरं काम विंडोज 10 पासून यंत्रणा स्वतःच करते. सिसमेन बंद करण्याचा सल्ला फिरत्या डिस्कच्या जुन्या यंत्रावर डिस्कची धावपळ थांबवायला कधी उपयोगी पडतो, पण वापरातल्या मेमरीचा, म्हणजे ‘इन यूज’चा, आकडा त्याने फारसा हलत नाही. पेजफाइल बंद करणं मात्र सरळ नुकसानीचं. कमिटेडची मर्यादा तेवढीच खाली येते आणि प्रोग्रॅम आधी मरतात.

एखादा प्रोग्रॅमच गळका आहे का, हे ओळखायला घाई उपयोगाची नाही. मोठा आकडा म्हणजे गळती नव्हे; काम तेवढंच असताना चढत जाणारा आकडा म्हणजे गळती. सकाळी, दुपारी, रात्री तोच प्रोग्रॅम तसाच ठेवून आकडा लिहून ठेवावा. असा पाठपुरावा केला तर फळ मिळतं, हे फायरफॉक्सने दाखवलं आहे. 2011 मध्ये त्यांनी मेमश्रिंक नावाची मोहीम निकोलस नेदरकोट यांच्या पुढाकाराने सुरू केली, वापरणाऱ्यांच्या तक्रारी एकेक करून तपासल्या, आणि त्याच वर्षीच्या सातव्या आवृत्तीत मेमरीचा वापर लक्षणीय घटला.

एवढं सगळं करूनही काही यंत्रांना रॅम खरोखर कमी असते. 4 जीबीवर विंडोज 11 आणि व्हिडिओचा तास एकत्र चालत नाहीत, आणि त्यात कोणाचा दोष नाही. रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये किती स्लॉट भरले आहेत आणि वेग किती आहे ते टिपून घ्यावं. डीडीआर 3, 4 आणि 5 यांच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. लॅपटॉपच्या पट्ट्यांना अनुक्रमे 204, 260 आणि 262 पिना असतात. 2025 च्या अखेरीपासून रॅमच्या किमती चढल्या आहेत, त्यामुळे आधी हिशेब आणि मग खरेदी हा क्रम आता जास्तच महत्त्वाचा झाला आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायची सोयच नाही. अशा 4 जीबीच्या यंत्रावरचा विंडोज 10 चा नियमित पाठिंबाही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तिथे लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली घालणं हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. तिची किमान गरज 2 जीबीची, शिफारस 4 जीबीची, आणि देवनागरी टंकलेखनाची सोय तिच्यात मिळते. मात्र ज्याला रोज पंधरा-वीस टॅब लागतात, त्याला 4 जीबी तिथेही पुरणार नाहीत, हे प्रणाली घालून देणाऱ्याने आधीच सांगायला हवं.